चंद्र दिसायच्या आधी तिकीट काढावं का?

*ताई, मी शारजातल्या एका भारतीय शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते. नवरा दुबईत खासगी कंपनीत, मुलगा तिसरीत, माहेर वाईचं. २०२४ आणि २०२५ साली ईदच्या सुटीत घरी गेले आणि दोन्ही वेळा पाडवाही साधला. यंदा राहिलं, पण सण लागोपाठच आले होते. म्हणून मी आईला शब्द देऊन बसले, की पुढच्या वर्षी ईदच्या सुटीत पाडव्याला नक्की येते. भावाने नवं घर बांधलंय, त्या घराची ती पहिली गुढी. आता कळतंय की २०२७ ची ईद मार्चच्या सुरुवातीला आणि पाडवा एप्रिलात. असं कसं झालं? त्यात नवऱ्याला ईदला अझरबैजानमध्ये बाकूला जायचंय आणि पैसे परत न मिळणारं स्वस्त तिकीट आत्ताच काढायचंय. मी म्हणते, चंद्र दिसेपर्यंत थांबू. शिवाय रमजानात शाळा अर्धीच असते, तेव्हाच आठवडाभर रजा काढून वाईला जाऊन आले तर? स्टाफरूममध्ये हा विषय काढला तर एक मुस्लिम सहकारी तुटकपणे म्हणाली, "तुमचं बरं आहे, आमचा सण म्हणजे तुमची ट्रिप." ते फार लागलं. काय करू?*

— एक शिक्षिका, शारजा

तुम्ही गणिताच्या बाई आहात, म्हणून आधी पाडव्याचा घोळ सोडवू. तो निव्वळ हिशेबाचा आहे.

आपला महिना चंद्रावर चालतो आणि मुस्लिमांचाही. अमावस्या सरली की आपली प्रतिपदा. त्यांचा महिना मात्र कोवळी कोर डोळ्यांना दिसली की सुरू होतो, म्हणजे आपल्या प्रतिपदेच्या किंवा बिजेच्या आसपास. त्यामुळे रमजान संपतानाची अमावस्या आपल्या फाल्गुनाची असेल, तर पाडवा आणि ईद एकमेकांना खेटून येणारच. २०२४ साली पाडवा ९ एप्रिलला होता आणि अमिरातीतली ईद १० ला. २०२५ साली दोन्ही एकाच दिवशी, ३० मार्चला. यंदा पाडवा १९ मार्चला, ईद २० ला. तीन वर्षं असं पाहिल्यावर माणसाला तो नियमच वाटणार. मलाही वाटला असता.

पण चंद्राचे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस, सूर्याच्या वर्षापेक्षा अकराएक दिवस कमी. आपण ही तूट साचू देतो आणि साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक महिना घालून भरून काढतो. त्यांच्या हिजरी वर्षात अधिक महिना नाही. म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकत सगळ्या ऋतूंतून फिरतो आणि आपला पाडवा मार्च-एप्रिल सोडत नाही. यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ होता. तुमच्या आईने जावयाला अनारसे पाठवले असतील बघा. त्याच अनारशांनी तुमचा पाडवा एक महिना पुढे ढकलला! २०२७ ची ईद ९ किंवा १० मार्चला, आणि पाडवा बुधवारी, ७ एप्रिलला.

ताळा करायचा तर मागे जा. २०२१ आणि २०२२ साली ज्या दिवशी आपण गुढी उभारली, त्याच दिवशी तिथे पहिला रोजा होता. २०२३ साली एका दिवसाचा फरक पडला. त्या वर्षी अधिक श्रावण आला आणि पाडवा रमजानच्या आरंभावरून उडी मारून शेवटाला जाऊन बसला. आता यंदाच्या अधिकाने तो रमजानच्या बाहेर पडला. ही जोडी पुन्हा जमायला तीसेक वर्षं लागतील. तेव्हा "ईदच्या सुटीत पाडवा" हे वाक्य आईशी बोलताना आता वापरू नका.

दुसरा घोळ भिंतीवर असतो. आखातातल्या मराठी घरात फ्रिजशेजारी कालनिर्णय लटकलेलं असतं आणि आपण सवयीने त्यातली रमजान ईद बघून सुटीचे बेत करतो. ती तारीख भारतातल्या चंद्राची. तिथे ईद बहुतेकदा एक दिवस आधी येते. २०२५ साली तुम्ही रविवारी ईद मुबारक म्हणालात, वाईत सोमवारी ईद झाली.

या एका दिवसाने मला चांगलं पोळलं होतं. मी दुबईत नवीन होते. शाळेचं परिपत्रक होतं, की ईदचे तीन दिवस सुटी आणि चौथ्या दिवशी शाळा. मी तीस रोजे गृहीत धरले. ईद शुक्रवारी, म्हणजे शाळा सोमवारी, म्हणून रविवारी रात्रीचं परतीचं तिकीट. गुरुवारी सकाळी सांगलीत आईच्या स्वयंपाकघरात चहा घेत होते, तेवढ्यात फोन वाजला. दुबईहून मैत्रीण ओरडून सांगत होती, की चंद्र काल संध्याकाळीच दिसला, आज ईद आहे, शाळा रविवारी उघडणार. मी खिडकीतून शेजारच्या भाभींना विचारलं, "भाभी, आज ईद?" त्या दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "छे गं, अजून रोजा आहे माझा." एकाच वेळी तिकडे ईद चाललेली आणि इकडे रोजा! तिकीट बदलून मिळालं नाही. मी रविवारी गैरहजर. एक दिवसाचा पगार जाईल असं वाटलं होतं, पण गैरहजेरी सुटीला लागून होती, म्हणून सुटीचे दिवसही बिनपगारी धरले. तेव्हापासून नोकरीच्या करारातलं रजेचं पान मी आधी वाचते. तुम्हीही आज वाचा. सुटीच्या आदल्या किंवा नंतरच्या दिवशी नसलात तर काय होतं, एवढं एकच वाक्य त्यात शोधा.

आता बाकू. इथे मी चक्क तुमच्या यजमानांच्या बाजूने आहे, पण अर्धीच.

अमिरातीत २०२५ पासूनच्या नियमाप्रमाणे रमजान ईदची सुटी शव्वालच्या, म्हणजे रमजाननंतरच्या महिन्याच्या, पहिल्या तीन दिवसांची. रोजे तीस झाले तर तो तिसावा दिवसही सुटीत धरतात. पुढचा रमजान ८ फेब्रुवारीला सुरू होण्याची दाट शक्यता आहे. तसं झालं तर एकोणतिसावा रोजा ८ मार्चला, सोमवारी. त्या संध्याकाळी कोर दिसली तर ईद मंगळवारी आणि सुटी मंगळ-बुध-गुरू. नाही दिसली तर मंगळवार तिसावा रोजा म्हणून सुटी, आणि बुध-गुरू-शुक्र ईद म्हणून सुटी. शारजात २०२२ पासून शुक्र-शनि-रवि अशी तीन दिवसांची साप्ताहिक सुटी आहे. बघा गंमत, चंद्र दिसो न दिसो, तुम्हाला दोन्ही हिशेबांत मंगळवार ९ पासून रविवार १४ पर्यंत सुटी. असं वर्ष क्वचित येतं.

यजमानांचं तसं नाही. त्यांचा शनिवार-रविवार. चंद्र सोमवारी दिसला तर त्यांचा शुक्रवार कामाचा, नाहीतर सुटीचा. म्हणून त्यांनी शुक्रवारची एक रजा आत्ताच टाकून ठेवावी. वाचली तर वाचली. तिकीट मंगळवारी दुपारनंतर निघणारं आणि शनिवारी परत येणारं काढा, रविवार हातात राहू दे. कारण सोमवारी १५ तारखेला शाळेत पाऊल टाकाल तेव्हा वार्षिक परीक्षेचे गठ्ठे टेबलावर असतील.

पण पैसे परत न मिळणारं तिकीट आत्ताच? थोडे जास्त पैसे देऊन तारीख बदलता येईल असं काढा. रमजान ८ ऐवजी ९ ला सुरू झाला तर मंगळवार कामाचा होईल आणि वरचा सगळा हिशेब कोसळेल. ७ फेब्रुवारीच्या रात्री कळेलच, तेव्हा ईदला महिना असतो. तुमच्या "चंद्र दिसेपर्यंत थांबू"ला माझी ही दुरुस्ती: ईदच्या चंद्रासाठी थांबू नका, तोवर भाडं कुठल्या कुठे गेलेलं असतं. रमजानच्या चंद्रानंतर तारखा पक्क्या करा. आणि मार्चच्या सुरुवातीला बाकूत चांगलीच थंडी असते, वरून ते वाऱ्याचं शहर म्हणूनच ओळखलं जातं. तिसरीतल्या मुलाला कानटोपी घ्या. शारजातल्या हवेवर जाऊ नका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी सोन्यासारखी सुटी बकरी ईदची. रमजान ईदची तारीख आदल्या रात्री कळते, बकरी ईदची दहा दिवस आधी, कारण ती महिन्याच्या दहाव्या दिवशी येते आणि त्या महिन्याचा चंद्र आधीच दिसलेला असतो. शिवाय आदल्या दिवसाची अरफाची सुटी धरून चार दिवस मिळतात. २०२७ साली ती १६ किंवा १७ मेच्या सुमारास आहे, म्हणजे शुक्रवार १४ पासून तुमचे पाच किंवा सहा दिवस. मे महिना, वाईत भाचरं सुटीवर, आंब्याची अढी पिकलेली. माहेरी निवांत राहायचं असेल तर ते तेव्हा. बाकू आणि बकरी ईदची अदलाबदल करा असंही सांगितलं असतं, पण यजमानांनी मनात बाकू धरलंय, त्यात मी पडत नाही.

रमजानात आठवडाभर रजा काढायचं मात्र मनातून काढून टाका.

"शाळा अर्धीच असते" हे वाक्य तुम्ही मुख्याध्यापकांसमोर बोललात तर तुमची रजा तिथेच संपली म्हणून समजा. दुबईत रमजानात शाळा दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त चालवायची नाही असा दंडक आहे, शारजातही तास कमी होतात, तुमच्या यजमानांच्या कचेरीत रोजचे दोन तास कायद्यानेच कमी होतात. पण अभ्यासक्रम कमी होत नाही. २०२७ चा रमजान तर थेट परीक्षांवर येतोय. सीबीएसईच्या बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारीच्या मध्यापासून, त्यांची पर्यवेक्षणं, आणि त्यातच तुमच्या सहावी-आठवीची उजळणी. त्या पाच तासांत दर मिनिटाला शिक्षक लागतो. रमजानच्या पहिल्या पंधरवड्यात विमानं स्वस्त असतात हे खरं, पण ती कुणासाठी स्वस्त असतात तेही बघावं.

आणि वर्ग वेगळाच असतो हो त्या महिन्यात. फेब्रुवारीत रोजा साडेबारा तासांच्या आसपास, म्हणजे जून-जुलैच्या मानाने सोपा, तरी अकरा-बारा वर्षांच्या मुलांना तो दिवस लांबच लांब असतो. माझ्या सहावीत एक मुलगा पहिल्यांदाच रोजा धरून आला होता. शेवटचा तास, ओठ सुकलेले, बाकावर हनुवटी टेकलेली. शेजारच्याने विसरून पाण्याची बाटली पुढे केली, तर याने हसून हाताने दूर सारली. मग मला विचारलं, "मिस, मगरिबला किती वेळ उरला?" (मगरिब म्हणजे सूर्यास्ताची, रोजा सोडायची वेळ.) मी म्हटलं, घड्याळात बघ आणि तूच सांग. वेळेच्या वजाबाकीत हातचा घ्यायला जो सहा महिने चुकत होता, त्याने मिनिटासकट बिनचूक उत्तर दिलं. अवघड घटक पहिल्या तासाला घ्या, शेवटच्या तासाला फळ्यावरचं तोंडी काम. आणि मगरिबच्या आधीच्या अर्ध्या तासात रस्त्यावर गाडी काढू नका, सगळं शहर घराकडे धावत असतं.

आता तुमच्या सहकारी. त्यांचं बोलणं लागलं, कारण ते थोडं खरं आहे. आपण ईदला बाकूला जातो, त्या बाई मात्र ईदच्या आदल्या दिवशीपर्यंत पेपर तपासतात, घरी जाऊन इफ्तार करतात, रात्री तरावीहची लांब नमाज, पहाटे सहेरीला, म्हणजे रोज्याआधी खायला, उठतात आणि सकाळी पुन्हा शाळेत. रमजानच्या शेवटच्या दहा रात्री तर जागरणाच्याच. त्यात आपण स्टाफरूममध्ये तिकिटांचे भाव वाचून दाखवायचे.

माझ्या शाळेत चिपळूणची एक सहकारी होती, कोकणी मुस्लिम, बोलायला तिखट. एकदा असंच आमचं वाजलं. दोन दिवसांनी मी तिला विचारलं, तुला नक्की काय हवंय? तिला रजा नको होतीच. शेवटच्या दहा दिवसांत सकाळचं पहिलं पर्यवेक्षण नको होतं, तासभर जास्त झोप मिळावी म्हणून. एवढंच! मी तिची ती पर्यवेक्षणं घेतली. मग गणपतीच्या पहिल्या दिवशी तिने माझे तास घेतले, तेही न मागता. पुढे बारा वर्षं तो रिवाजच झाला. ईदच्या दुसऱ्या दिवशी तिच्याकडून शिरखुर्म्याचा डबा यायचा. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हणून कधी नारळीभात, कधी करंज्या घालून तो जायचा. माझ्या मते तो स्टीलचा डबा सगळ्यात जास्त प्रवास करून आला असेल.

तेव्हा तुमच्या त्या बाईंना माफीबिफी मागत बसू नका, अवघडल्यासारखं होतं. रमजान सुरू व्हायच्या आधी एकदा विचारा, की शेवटच्या आठवड्यात तुमचं कुठलं काम मी घेऊ. त्या नको म्हणाल्या तरी विचारलंत हे राहील.

शेवटी गुढी. ७ एप्रिल बुधवार. तुमची शाळा शुक्रवारी बंद, म्हणजे बुध-गुरू दोन दिवसांची रजा मिळाली तर रविवारपर्यंत पाच दिवस होतात. मंगळवारी रात्री दुबईहून पुण्याचं विमान मिळालं तर तीनेक तासांत पुणं, तिथून गाडीने वाई फार लांब नाही. पहाटे पोहोचून आंघोळ करून गुढीला उभ्या राहाल. अडचण एकच आहे, आणि ती मोठी आहे: बहुतेक भारतीय शाळांचं नवं वर्ष एप्रिलच्या सुरुवातीलाच उघडतं. नव्या वर्गाच्या पहिल्याच आठवड्यात बाई गायब, हे मला शिक्षक म्हणून आवडत नाही. वर्गशिक्षिका असाल तर मी सांगेन, मागू नका. नुसत्या विषयशिक्षिका असाल तर जरूर मागा, पण मार्चमध्ये नव्हे. मार्चमध्ये सगळेच मागतात. ऑक्टोबरात जा, लेखी अर्ज घेऊन, आणि त्या अर्जातच लिहा की रमजानातली जादा पर्यवेक्षणं मी घेईन. "घरगुती कारण" लिहू नका. "भावाच्या नव्या घराची पहिली गुढी, ७ एप्रिल" असं सरळ लिहा. मुख्याध्यापक केरळचे असोत की लखनौचे, नव्या घरातला पहिला सण कुणालाही समजतो.

नाही म्हणाले तर मार्चअखेरच्या सत्रबदलाच्या सुटीत जाऊन या. गुढीची काठी, तांब्या, रेशमी खण स्वतः घेऊन द्या आणि पाडव्याला सकाळी फोनवर बघा. तिथे साडेसात वाजले असतील तेव्हा तुमच्याकडे सहा. मुलालाही उठवा.

आईला मात्र आजच फोन करा. "बघते" म्हणू नका, त्या ते "येते" असंच ऐकतात. सांगा की यंदाच्या अधिकाने सगळी गणितं बदलली, ऑक्टोबरात नक्की काय ते कळवते, मेमध्ये मात्र पाच दिवस येतेच. आणि त्या अनारशांचं सांगायला विसरू नका, त्या हसतील. मुख्याध्यापक काय म्हणाले ते मलाही कळवा.